साठीनंतरची दुर्बीण

हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी पुण्याजवळ कवडीपाटच्या बंधाऱ्यावर किंवा मुंबईत भांडुपच्या पंपिंग स्टेशनपाशी जमणाऱ्या पक्षीनिरीक्षकांत पिकल्या केसांची माणसं बरीच असतात. काहींना हा नाद शाळेपासून आहे, काहींना तो निवृत्तीनंतर लागला. पण एक प्रश्न दोघांनाही कधी ना कधी पडतोच: आता दुर्बीण कुठली घ्यावी? त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे '८×४२'. हे उत्तर चुकीचं नाही. मात्र ते पंचविशीतल्या मुलीला जसं दिलं जातं तसंच मोतीबिंदू काढलेल्या, मानेला पट्टा लावणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांनाही दिलं जातं. वय वाढतं तसं नेमकं काय बदलतं आणि त्यातलं दुर्बिणीने किती भरून काढता येतं, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. मतभेदांची कारणं मात्र स्पष्ट आहेत आणि ती समजली की निवड सोपी होते. ती कारणं इथे क्रमाने मांडली आहेत.

माझा कल आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला तो वजा करून वाचता येईल. या चर्चेत प्रकाशाबद्दल जितकं बोललं जातं त्या मानाने हात, मान आणि चष्मा यांबद्दल फार कमी बोललं जातं.

आकडे आले कुठून

दुर्बिणीवरचा पहिला आकडा म्हणजे पक्षी किती पट जवळ दिसतो तो, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे वळवली की दोन्ही आयपीसमध्ये जे उजळ गोल ठिपके दिसतात, तेच हे. ८×४२ मध्ये हा ठिपका सव्वापाच मिलिमीटरचा असतो, १०×४२ मध्ये ४.२, ८×३२ मध्ये ४ आणि खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये तीनहून थोडा जास्त.

इटलीच्या इग्नाझिओ पोरो याने १८५४ मध्ये आपल्या प्रिझमरचनेचं पेटंट घेतलं. ती रचना वापरून जर्मनीतल्या झाइस कंपनीने १८९४ मध्ये दुर्बिणी बाजारात आणल्या. पुढच्या अर्धशतकात दुर्बिणीचे आकडे ठरवले ते मुख्यतः लष्करांनी आणि आरमारांनी. दुसऱ्या महायुद्धात जहाजांवर सर्रास दिसणारी ७×५० दुर्बीण सात मिलिमीटर जाडीचा झोत देते. अंधारात डेकवर पहारा देणाऱ्या विशीतल्या खलाशाची बाहुली साधारण तेवढीच उघडते, म्हणून तो आकडा. थोडक्यात, आदर्श म्हणून जे प्रमाण रूढ झालं ते तरुण डोळ्याच्या मापाने बेतलेलं होतं. पक्षीनिरीक्षकांनी ते वारशाने घेतलं, हळूहळू खाली आणलं आणि ८×४२ वर येऊन थांबले.

मधल्या काळात दोन सुधारणा झाल्या आणि ज्येष्ठांना त्यांचा थेट फायदा झाला. एक, सरळ नळ्यांच्या रूफ प्रिझम दुर्बिणी आल्या. त्या आटोपशीर असतात आणि त्यांच्यात पाणी शिरू न देणं तुलनेने सोपं जातं. १९८८ मध्ये झाइसने त्यांच्या प्रिझमवर फेज कोटिंग द्यायला सुरुवात केली आणि जुन्या पोरो दुर्बिणींच्या तुलनेत त्यांची प्रतिमा फिकी पडते ही तक्रार बरीचशी मिटली. दुसरी सुधारणा म्हणजे चष्मा न काढता पाहता येईल असे आयपीस. झाइसच्या जुन्या मॉडेलांच्या नावातलं 'बी' हे अक्षर चष्मेवाल्यांसाठीच असे.

बाहुलीचा वाद

वय आणि दुर्बीण यांबद्दलचा सर्वांत जुना युक्तिवाद असा. वयानुसार बाहुली कमी उघडते. विशीत अंधारात सरासरी सातच्या आसपास असणारी बाहुली साठी-सत्तरीत पाचच्या आसपास येते, पुढे आणखी खाली. बाहुलीपेक्षा जाड झोत डोळ्यात शिरूच शकत नाही, बाहेरची कडा बुबुळावर आपटून वाया जाते. तुमची बाहुली साडेचार मिलिमीटर उघडत असेल तर आठपट दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचे फक्त ३६ मिलिमीटर कामाला येतात. मग ४२ चं ओझं कशाला वाहायचं? ३२ घ्या, पाव किलो वाचवा.

गणित चोख आहे. दिवसाउजेडी तर ते आणखी ठाम होतं, कारण उन्हात कोणाचीही बाहुली दोन-तीन मिलिमीटरवर आलेली असते. भिगवणला सकाळी दहा वाजता रोहित पक्ष्यांचा थवा पाहताना ८×३२ आणि ८×४२ यांच्या उजेडात डोळ्याला फरक कळणार नाही.

विरोधी बाजू हे गणित नाकारत नाही. तिचं म्हणणं, जाड झोताचा उपयोग फक्त उजेडासाठी नसतो. बाहुली तीन मिलिमीटर आणि झोत सव्वापाच असेल तर डोळा थोडा इकडेतिकडे सरकला तरी तो झोतातच राहतो. झोत तीनचा असेल तर डोळा नेमक्या जागी ठेवावा लागतो. जरा हललं की चित्राच्या कडेला काळी सावली येते किंवा सगळं चित्रच विझतं. हात स्थिर नसणाऱ्या, चष्म्यातून पाहणाऱ्या किंवा मान पूर्ण मागे न जाणाऱ्या माणसाला हे क्षणोक्षणी घडतं. ताम्हिणीच्या झाडीत एखादा पर्णवटवट्या पानाआड जेमतेम दोन सेकंद दिसतो, त्यातला एक सेकंद डोळा बसवण्यात गेला तर दुर्बीण कितीही हलकी असली तरी काय उपयोग? म्हणून या बाजूचे लोक म्हातारपणी उलट मोठी एक्झिट प्युपिल घ्या म्हणतात. सहा मिलिमीटर झोताच्या ७×४२ चे काही कट्टर चाहते आजही आहेत. अशा दुर्बिणी आता फारच थोड्या बनतात, त्यामुळे ते आपली जुनी जिवापाड जपतात.

तिसरी गोष्ट या वादात अनेकदा निसटते. बाहुलीचे आकडे सरासरीचे आहेत. एकाच वयाच्या दोन माणसांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असू शकतो. मधुमेह असेल तर बाहुली लहान राहण्याची शक्यता असते, काचबिंदूच्या काही थेंबांनीही ती आवळते. शिवाय म्हाताऱ्या डोळ्यात कमी प्रकाश पोचतो त्याला बाहुली एकटी जबाबदार नाही. पिवळसर, धूसर होत जाणारं नैसर्गिक भिंगही तितकंच जबाबदार असतं आणि त्यावर मोठं पुढचं भिंग हा इलाज नाही. तेव्हा 'साठ वर्षं झाली, आता ३२ पुरे' हा सरसकट नियम टिकत नाही. नेत्रतज्ज्ञाकडे तपासणीला गेलात की मंद प्रकाशातली बाहुली मोजून मागता येते, पण असं मागणारे फार कोणी भेटत नाहीत.

आपल्याकडे प्रत्यक्षात पक्षी कधी पाहिले जातात हेही इथे महत्त्वाचं. रातवे आणि घुबडं सोडली तर बहुतेक निरीक्षण सूर्योदयानंतर होतं. अपवाद सह्याद्रीतल्या दाट सदाहरित पट्ट्यांचा. फणसाड किंवा आंबोलीच्या जंगलात पावसाळी दिवशी दुपारीसुद्धा संध्याकाळ वाटते. तिथे नेहमी जाणाऱ्याने ४२ सोडताना विचार करावा. पाणथळींवर फिरणाऱ्याला तेवढी काळजी नको.

आठ की दहा

हा वाद तरुणांतही चालतो, पण वयाने त्याला नवे मुद्दे मिळतात. दहापटीच्या बाजूने बोलणारे म्हणतात, नजर आता पूर्वीसारखी तीक्ष्ण राहिली नाही तर मोठी प्रतिमा हवीच. दूर चिखलात चालणारा तुतवार कोणता, पाय हिरवट की पिवळे, हे आठपटीत ठरत नाही आणि दहापटीत ठरतं. शिवाय साडेचार मिलिमीटरच्या बाहुलीला १०×४२ चा ४.२ चा झोत नेमका पुरतो, भिंगाचा काहीच भाग वाया जात नाही. वर आलेलं गणित इथे दहापटीच्या बाजूने झुकतं, ही त्यातली गंमत.

आठपटीचं समर्थन तीन गोष्टींवर उभं आहे. पहिली, हाताचा कंप प्रतिमेबरोबर तितक्याच पटीने वाढतो, त्यामुळे दहापटीत मिळालेला तपशील हलण्यात हरवू शकतो. दुसरी, दृश्यक्षेत्र. चांगली आठपट दुर्बीण हजार मीटरवर साधारण १३० ते १४५ मीटर रुंदीचा देखावा दाखवते, दहापट त्याहून वीस-तीस मीटर कमी. उडता शिक्रा किंवा फांद्यांतून सरकणारा नाचण पकडायला ही रुंदी लागते. तिसऱ्या गोष्टीकडे फार कोणी लक्ष देत नाही: खोली, म्हणजे चाक न फिरवता जवळ-दूरचं किती एकदम स्पष्ट दिसतं ते. तरुण डोळा स्वतःचं भिंग फुगवून-आवळून जवळ-दूरचा थोडाफार फरक सांभाळून घेतो. चाळिशीनंतर ही ताकद ओसरते आणि साठीच्या सुमाराला जवळजवळ संपते. त्यामुळे पक्षी एका फांदीवरून दुसरीवर गेला की फोकसचं चाक फिरवावंच लागतं. दुर्बिणीतली खोली पटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, म्हणजे दहापटीत ती आठपटीच्या साधारण दोन तृतीयांशच उरते. ज्याचा डोळा आता स्वतःहून जुळवून घेत नाही, त्याला हा फरक तरुणापेक्षा जास्त जाणवतो.

दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत आणि उत्तर बहुधा अधिवासावर ठरतं: खाडी, जलाशय, माळरान असेल तर दहा, जंगल आणि बाग असेल तर आठ. पाणथळीवर तर दहापट दुर्बिणीचं कामही तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप जास्त चांगलं करतो. गटात एक स्कोप असला आणि सगळ्यांनी पाळीपाळीने पाहिलं, तर गळ्यातल्या दुर्बिणीला दहापट असण्याचा हट्ट करावा लागत नाही. आपल्याकडे अशी वाटणी फारशी रुळलेली नाही. प्रत्येकाला सगळं काही स्वतःच्याच गळ्यात हवं असतं.

हात, मान आणि बोटं

इथे मला जास्त रेंगाळायचं आहे.

८×४२ दुर्बिणींचं वजन साधारण सहाशे ते साडेआठशे ग्रॅम असतं, ८×३२ चं साडेचारशे ते सहाशे. दुकानात हातात घेतली तर फरक किरकोळ वाटतो. चार तास बारीक पट्ट्याने मानेवर टांगून मग झाडाच्या शेंड्यावरचा तांबट शोधायला मान मागे टाकली की तोच फरक डॉक्टरांच्या बिलात दिसतो. मानेच्या मणक्यांची झीज झालेल्यांना फिजिओथेरपिस्ट पहिली गोष्ट सांगतात ती मानेवरचा भार काढायची. त्यावर हार्नेस, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून पाठीत फुली घालणारा पट्टा, हा सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. त्याला फारसा कोणाचा विरोधही नाही. तरी नवी दुर्बीण घेणारे त्याचा विचार सर्वांत शेवटी करतात. सांध्यांचा त्रास असेल तर हार्नेसची आकडी आणि टोपणंही बघून घ्यावीत, कारण काही आकड्या बोटांनी दाबून उघडायला चांगल्याच कडक असतात.

बोटांचा मुद्दा फोकसच्या चाकापाशी येतो. अंगठ्याच्या बुडाला संधिवात असलेल्या माणसाला घट्ट चाक त्रासदायक होतं. फार सैल चाक कंप पावणाऱ्या बोटाने हवं तिथे थांबत नाही. चाकाची रुंदी, त्याची जागा, जवळच्या फुलपाखरापासून दूरच्या घारीपर्यंत ते किती फिरवावं लागतं, या गोष्टी माहितीपत्रकात नसतात किंवा असल्या तरी त्यावरून काही कळत नाही. त्या हातात घेऊनच कळतात. मोकळ्या पुलाची रचना, म्हणजे दोन नळ्यांमध्ये बोटं शिरतील एवढी मोकळी जागा, पकड सैल झालेल्यांना सोयीची जाते.

आता कंप. थोडा कंप प्रत्येक हाताला असतो. वयाबरोबर तो वाढतो, आणि काहींना इसेन्शियल ट्रेमरसारखा वेगळा आजार असतो. त्यावरचे दोन मार्ग आहेत. पहिला शरीराचा: कोपरं बरगड्यांना टेकवणं, घडीच्या स्टुलावर बसून गुडघ्यांचा आधार घेणं, दुर्बीण पुढच्या टोकाजवळ धरणं, टोपीची कड आणि दुर्बीण एकत्र पकडणं, मोनोपॉड वापरणं. स्वारोव्स्कीने २०२० मध्ये आणलेल्या एनएल प्युअर मालिकेला कपाळ टेकवायचा जोडभाग मिळतो, तोही याच विचारातून आला आहे.

दुसरा मार्ग यंत्राचा, म्हणजे प्रतिमा स्थिर करणारी दुर्बीण. झाइसने बॅटरीशिवाय चालणारी भलीमोठी २०×६० आधीच बनवली होती, पण सामान्य निरीक्षकापर्यंत ही कल्पना पोचवली ती कॅननने, १९९५ च्या १२×३६ मॉडेलने. कॅननच्या रचनेत प्रकाशाच्या वाटेत कोन बदलणारा एक लवचिक प्रिझम असतो. संवेदकाला हालचाल कळली की हा प्रिझम वाकतो आणि प्रतिमा जागच्या जागी धरतो. आज फुजिनॉन, बेल्जियमची काइट आणि निकॉन यांचीही अशी मॉडेलं मिळतात.

समर्थक सांगतात, हात थरथरणाऱ्या माणसाला बटण दाबल्याबरोबर पिसांवरच्या रेषा दिसू लागतात, आणि तेवढा तपशील दुप्पट किमतीच्या साध्या दुर्बिणीतूनही मिळत नाही. हे खरं आहे. नुसत्या हाताने धरून किती तपशील दिसतो एवढीच कसोटी लावली तर स्थिरीकरणाला तोड नाही. कुंभारगावच्या नावेत बसून उजनीच्या पाण्यावर पक्षी पाहायचे असतील तर ते तरुणांनाही उपयोगी पडतं, कारण नाव हलते तेव्हा कोणाचाच हात स्थिर नसतो.

आक्षेप घेणारेही हवेत बोलत नाहीत. कॅननची बहुतेक मॉडेलं जलरोधक नाहीत. जलरोधक असलेली १०×४२ एल एक किलोहून जड आहे, म्हणजे हात वाचवायला जावं तर मान जाते. हलकी १०×३० सहाशे ग्रॅमची, पण तिचा झोत तीन मिलिमीटरचा आणि आय रिलीफ, म्हणजे डोळा आयपीसपासून ज्या अंतरावर ठेवता येतो ते, साडेचौदा मिलिमीटरचं, चष्मेवाल्याला अपुरं पडेल असं. बॅटरी लागते. इलेक्ट्रॉनिक भाग बिघडला तर आपल्याकडे दुरुस्तीचं काय, हा प्रश्न उरतोच. कोकणातल्या आर्द्र हवेत नायट्रोजन न भरलेल्या कुठल्याही दुर्बिणीच्या भिंगांवर बुरशी चढू शकते, ती जपायला हवाबंद डबा आणि सिलिका जेल लागतं. चांगली साधी दुर्बीण वीस-पंचवीस वर्षं सहज चालते, स्थिरीकरणाच्या दुर्बिणीबद्दल तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. अर्थात सत्तरीत दुर्बीण घेणाऱ्याने पंचवीस वर्षांचा हिशोब किती मांडावा, हेही ज्याचं त्याने ठरवावं.

माझ्या मते कंप ठळक असेल तर हे सगळे आक्षेप मान्य करूनही स्थिरीकरणाची बाजू जड आहे. कंप साधारण असेल तर आधी आठपट, हार्नेस आणि स्टूल आजमावावं.

चष्मा ठेवावा की काढावा

चष्मा चढवूनच पाहणाऱ्याला दुर्बिणीचा जो आकडा सगळ्यात आधी पाहायला हवा तो आय रिलीफचा, म्हणजे आयपीसपासून किती अंतरावर डोळा ठेवून पूर्ण दृश्य दिसतं त्याचा. पंधरा-सोळा मिलिमीटर ही चष्मेवाल्यांसाठी किमान मर्यादा मानतात, सतरा-अठरा असेल तर निश्चिंत. पण कंपन्या हे अंतर सहसा भिंगाच्या पृष्ठभागापासून मोजतात, आयकपच्या कडेपासून नाही. भिंग खोल बसवलेलं असेल तर छापलेल्या सोळातले दोन-चार मिलिमीटर तिथेच जातात. म्हणून आयकप पूर्ण खाली करून, स्वतःच्या चष्म्याने, दृश्याची काळी गोल कड सगळीकडून दिसते का हे पाहणं हीच खरी चाचणी.

चष्मा काढून पाहावं असं म्हणणारे सांगतात, नुसता लघुदृष्टी किंवा दीर्घदृष्टीचा नंबर फोकसच्या चाकाने भरून निघतो. हे बरोबर आहे, पण ॲस्टिग्मॅटिझमचा, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर भरून निघत नाही. तो एकच्या वर असेल तर चष्मा ठेवलेला बरा. शिवाय चष्मा काढून दुर्बीण लावली की दुर्बीण खाली घेतल्यावर जग धूसर होतं, आणि उडालेला पक्षी कुठे गेला ते कळेपर्यंत तो गेलेला असतो. प्रोग्रेसिव्ह भिंगांच्या चष्म्याने आणखी गुंता होतो. दुर्बीण वरच्या भागावर नीट टेकली तर ठीक, खाली सरकली की जवळचा नंबर मध्ये येतो. काही अनुभवी निरीक्षकांनी त्यावर सोपी तोड काढली आहे: फक्त दूरच्या नंबरचा वेगळा, पातळ, डोळ्याला चिकटून बसणारा चष्मा पक्षीनिरीक्षणापुरता करून घ्यायचा. दुर्बीण बदलण्यापेक्षा तो खूप स्वस्त पडतो.

मोतीबिंदूनंतर

आपल्याकडे साठी ओलांडलेल्या पक्षीनिरीक्षकांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले पुष्कळ असतात, तरी दुर्बिणींच्या चर्चेत हा विषय अभावानेच येतो. शस्त्रक्रियेआधी प्रतिमा धुरकट होते आणि उन्हाकडे पाहिलं की चकाकी पसरते. त्या टप्प्यावर महाग दुर्बीण घेणं पैसे वाया घालवणं आहे, कारण अडसर डोळ्यातच असतो. शस्त्रक्रियेनंतर पिवळं पडलेलं भिंग जातं आणि निळे रंग एकदम उजळ होतात. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर खंड्याची पाठ दोन डोळ्यांना दोन वेगळ्या निळ्या छटांची दिसते. थोड्या दिवसांत मेंदूला त्याची सवय होते.

बसवलेल्या भिंगाच्या प्रकारावर पुढचं बरंच ठरतं. सर्वांत रुळलेलं मोनोफोकल भिंग बहुधा दूरच्या नजरेसाठी नेमलेलं असतं, आणि दुर्बिणीला तेच हवं असतं. चाळीस वर्षं चष्म्यातून दुर्बीण वापरलेल्या माणसाला आता आयकप वर करून बिनचष्म्याने पाहता येतं, म्हणजे पूर्वी आय रिलीफमुळे बाद ठरलेली मॉडेलं पुन्हा खुली होतात. म्हणून शस्त्रक्रिया ठरली असेल तर दुर्बिणीची खरेदी पुढे ढकलावी, याबद्दल जाणकारांत दुमत नाही.

मल्टिफोकल भिंगांची गोष्ट निराळी. ती येणारा प्रकाश जवळ आणि दूर यांत वाटतात, त्यामुळे कॉन्ट्रास्ट थोडा उतरतो आणि दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. दुर्बिणीतून पाहताना हा तोटा किती जाणवतो यावर मतं वेगवेगळी आहेत. कोणी म्हणतात काहीच फरक पडला नाही, कोणी म्हणतात सावलीतला करडा पक्षी आता सुटतो. मोनोव्हिजनमध्ये एक डोळा दूरसाठी आणि एक जवळसाठी नेमतात. तिथे दुर्बिणीचं डायॉप्टर, म्हणजे एका आयपीसचा फोकस वेगळा जुळवायची सोय, दोन डोळ्यांतला फरक भरून काढू शकतं, फक्त त्याची मर्यादा पुरेशी असायला हवी. बहुतेक दुर्बिणींत ती दोन्ही बाजूंना तीन-चार असते.

काचेवर किती खर्च करावा

इथे दोन मतं अगदी समोरासमोर उभी आहेत. एक म्हणतं, वयाबरोबर डोळ्याची कॉन्ट्रास्ट ओळखण्याची क्षमता कमी होते, म्हणून उत्तम कोटिंग आणि ईडी काच यांचा लाभ तरुणापेक्षा ज्येष्ठाला जास्त. दुसरं म्हणतं, अर्धा अडसर डोळ्यातच असताना लाखाच्या घरातल्या आणि मध्यम किमतीच्या दुर्बिणीतला सूक्ष्म फरक त्या डोळ्याला दिसणारच नाही. दोन्ही मतं तर्काला धरून आहेत. दुकानात शेजारी शेजारी ठेवून, सावलीतल्या एखाद्या गडद वस्तूकडे पाहून प्रत्येकाने स्वतः ठरवावं, यापलीकडे प्रामाणिक सल्ला देता येत नाही. एवढं मात्र खरं की गेल्या वीस वर्षांत मध्यम किमतीच्या दुर्बिणी बऱ्याच सुधारल्या आहेत आणि खालच्या व वरच्या श्रेणीतलं अंतर पूर्वीइतकं राहिलेलं नाही.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. निकॉनचा ८३ पट झूमचा पी९०० २०१५ मध्ये आणि १२५ पटीचा पी१००० २०१८ मध्ये आला, तेव्हापासून कित्येक ज्येष्ठांनी दुर्बीण बाजूला ठेवली आहे. फोटो काढायचा, घरी मोठा करून ओळखायचा. ओळखीच्या कामी हे उत्तम, पण झाडीतला पक्षी शोधायला कॅमेरा कामाचा नाही, आणि पी१००० स्वतःच जवळजवळ दीड किलोचा आहे. २०२४ मध्ये आलेली स्वारोव्स्कीची एएक्स व्हिजिओ ही १०×३२ दुर्बीण पक्ष्याचं नावही सुचवते. किंमत आणि एक किलोहून जास्त वजन पाहता ती सध्या तरी कुतूहलाचा विषय आहे.

काय सुटलेलं नाही

बाहुलीचं गणित पक्कं आहे, पण मोठ्या झोताने मिळणारी सोय नेमकी किती आणि ती कोणाला लागते, हे मोजायची सर्वमान्य पद्धत नाही. स्थिरीकरणाची यंत्रं हलकी, जलरोधक आणि मोठ्या आय रिलीफची झाली तर आठ-दहाचा वाद बराच निवळेल. अजून ती तिथे पोचलेली नाहीत. आणि आपल्या बाजारातली सर्वांत मोठी अडचण तांत्रिक नाही. चांगल्या दुर्बिणी बहुतेक जण ऑनलाइन मागवतात, आणि हात, चष्मा, मान यांची परीक्षा मात्र हातात घेतल्याशिवाय होत नाही. पक्षीनिरीक्षकांच्या गटांनी सहलीला जाताना दोन-तीन मापांच्या दुर्बिणी एकमेकांना तासभर वापरायला दिल्या तर ती उणीव बरीच भरून निघेल.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होणाऱ्यांसाठी आणखी एक काम उरतं. भिंग निवडताना डॉक्टर वाचन, गाडी चालवणं, मोबाइल यांबद्दल विचारतात. पक्षी पाहण्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही. तेव्हा नंबर ठरवण्याआधी आपणच सांगावं, आणि तपासणीला जाताना आपली दुर्बीण सोबत न्यावी.